तीन महिने हालचाल नसल्यास

४ जून

ताई,

पत्राच्या पहिल्या ओळीत खुशाली विचारतात. मी विचारली तर तू सांगणार नाहीस, म्हणून तू बरी आहेस असं धरून पुढे जातो.

हे समेटाचं पत्र नाही, घाबरू नकोस. आई गेल्यानंतर आपलं बोलणं थांबलं ते थांबलं. पण मला एक नवल सांगायचंय, आणि नवल सांगायला मला लहानपणापासून तूच लागतेस. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर ते नवल राहत नाही, नुसती बातमी होते.

मी ज्या इमारतींच्या लिफ्ट बघतो त्यात एक सहा मजली जुनी इमारत आहे. तिथल्या चेअरमनना शिस्तीचं भारी वेड. रहिवाशांचा फोनवर एक ग्रुप आहे. लोक त्यावर सकाळी फुलं पाठवायचे, संध्याकाळी सुविचार. चेअरमन वैतागले आणि त्यांनी फोनमध्ये काहीतरी फिरवून ठेवलं, की ग्रुपवर फक्त आपणच लिहायचं, बाकीच्यांनी फक्त वाचायचं. दुसऱ्या कोणाला हा अधिकार दिलाच नाही. मग एक दिवस त्यांनी लिहिलं, "उद्या लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद राहील. कृपया जिन्याचा वापर करावा." आणि त्याच रात्री गेले. जिना चढून नव्हे, झोपेत.

आता गंमत बघ. त्या ग्रुपवर कोणालाच काही लिहिता येत नाही. श्रद्धांजलीसुद्धा वाहता आली नाही. ग्रुप सोडून जायचं तर माणसांना वाईट वाटतं, चेअरमनना टाकून गेल्यासारखं. त्यामुळे सगळी इमारत मेलेल्या माणसाच्या वर्गात हाताची घडी घालून बसली आहे, आणि फळ्यावर शेवटचं वाक्य आहे, उद्या लिफ्ट बंद.

पाचव्या मजल्यावरचे बँकवाले काका मुलाकडे राहून परत आले. परवा बघतो तर जिन्यात धापा टाकत उभे. मी म्हटलं, "काका, लिफ्ट चालू आहे की."

"ग्रुपवर बंद आहे."

"अहो, मी स्वतः चालवतोय. ही बघा."

"तुम्ही म्हणता ते ठीक आहे हो. पण ग्रुपवर तसं आलेलं नाही."

आणि चढले की वर!

चेअरमनच्या बायकोला सगळे काकू म्हणतात. त्यांनी तो फोन माझ्या हातात दिला. म्हणे, तुम्ही अडकलेली दारं उघडता, हेही बघा. मी म्हटलं, काकू, हे दार वेगळं. लग्नाची तारीख घालून बघितली, जन्मतारीख घातली, इमारतीचा नोंदणी क्रमांकसुद्धा घातला. शेवटी फोनच रुसला आणि म्हणाला, आता उद्या या. काकू हसायला लागल्या. "आयुष्यभर या माणसानं मला कपाटाची किल्ली दिली नाही. आता बरा देईल!"

घरी येताना मनात एकच घोळत होतं. माणूस जातो, आणि त्याचं वाक्य तिथेच उभं राहतं. लोक त्या वाक्याचं ऐकतातही. मी गेलो तर माझं काय उभं राहील?

एवढंच. उत्तराची घाई नाही.

तुझा
घुम्या

(अजूनही घुमाच आहे, पण पत्रात बोलता येतं.)


२२ जून

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी टपालाची पेटी रोज उघडतो.

मागच्या पत्रातला किडा डोक्यातून गेला नाही. मी माझ्या फोनमधलं खातं उघडलं, ज्यात फोटो वगैरे आपोआप जाऊन साठतात ते. आत, आत, आणखी आत गेलो. चार दारांपलीकडे एक पान सापडलं. त्यावर विचारलं होतं, तुम्ही हे खातं वापरणं थांबवलंत तर पुढे काय करायचं?

किती अदबीनं विचारलंय बघ. सगळं पान मी चष्मा पुसून वाचलं. 'मृत्यू' हा शब्द कुठेही नाही. 'वापरणं थांबवलंत तर.' जसं काही आपण कंटाळून उठून जाणार आहोत. 'तीन महिने हालचाल नसल्यास' तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवू, तुमचं सामान त्याच्या हवाली करू, आणि तुमची चिठ्ठी त्याला देऊ. चिठ्ठी लिहायला खाली एक रिकामी चौकट.

मला हे एकदम ओळखीचं वाटलं. लिफ्टचा ब्रेक असाच असतो. लोकांना वाटतं, वीज ब्रेकला धरायला लावते. उलटं आहे. वीज त्याला सोडवून धरते. वीज आहे तोवर तो उघडा राहतो, वीज गेली की आपोआप आवळतो. म्हणजे त्याचं काम आपण थांबल्यावर सुरू होतं. मी पहिल्यांदा हे शिकलो तेव्हा उस्ताद म्हणाले होते, देवाची भीती बाळगू नकोस, तोही असाच बसवलेला आहे. त्या दिवसापासून लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरताना हात जोडतो, पण भीतीनं नाही.

तर प्रश्न उरला, कोणाचं नाव घालू? आम्हाला मूलबाळ नाही. तुझ्या भावजयीला विचारलं. ती भाजी निवडत होती.

"मला नको. तुम्ही गेल्यावर मी काय गंजलेल्या दोरांचे फोटो बघत बसू?"

"आवाजही आहेत त्यात."

"ते तर अजिबात नको. माझ्याशी बोलत नाही तेवढं त्या लिफ्टांशी बोलता."

हे खरं आहे. मी प्रत्येक लिफ्टचा आवाज दर महिन्याला फोनवर टिपून ठेवतो. मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा शेजारी शेजारी ऐकला की कुठे दुखतंय ते कळतं. टिपताना थोडं बोलणं होतं. एकटा माणूस असतो वर.

"मग कोणाला देऊ?" मी विचारलं.

ती मान वर न करता म्हणाली, "ज्याला तुमच्याबद्दल काही माहीत नाही त्याला द्या. त्याला निदान नवं वाटेल."

मी फोन खाली ठेवला. मग तीच म्हणाली, "ताईंचं घाला. जिवंतपणी बोलत नाही, मेल्यावर तरी एकानं बोलावं."

मावशीच्या मुलाकडून तुझा मेलचा पत्ता घेतला आणि घातला. त्या चौकटीत चार ओळीही लिहिल्या. काय लिहिलं ते आज सांगता येत नाही. खरंच येत नाही, ताई, मी शब्द दिलेला आहे. मी नसेन तेव्हा तो शब्द सुटेल, तेव्हा तू वाचशील.

पण न विचारता कोणाच्या डोक्यावर सामान ठेवू नये. म्हणून विचारतो. माझ्यानंतर माझं हे सामान तू घेशील का? एका कार्डावर 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिही. खुशाली लिहू नकोस हवं तर. नाही म्हणालीस तर नाव काढीन, राग येणार नाही. थोडा येईल.

घुम्या


२० जुलै

ताई,

कार्ड आलं नाही. 'नाही' असंही आलं नाही, याचं मी बरं वाटून घेतो.

चेअरमनच्या ग्रुपवरून इमारतीत बैठक झाली. नवा ग्रुप करायचा ठरला. केला. पण जुना कोणी सोडला नाही. आता दोन ग्रुप आहेत, एक जिवंत आणि एक मेलेला, आणि तुला सांगतो, लोकांचा विश्वास मेलेल्यावरच जास्त आहे. मी लिफ्टच्या दारावर पाटी लावली, "लिफ्ट चालू आहे. ग्रुपवरचा निरोप जुना आहे." बँकवाले काका पाटी वाचून म्हणाले, "यावर सही कोणाची?" मी माझी सही केली. आता ते लिफ्टनं जातात, पण प्रत्येक वेळी सही तपासून.

काकूंना बैठकीत कोणीतरी सुचवलं की कंपनीला कळवून चेअरमनचं खातंच बंद करून टाकू. काकू म्हणाल्या, "राहू द्या. त्यांच्या नावापुढे अजून 'लिहीत आहे' असं कधी येतं का, मी बघत असते." काकू आपल्या आपणच हसल्या, म्हणाल्या, "येत नाही हो. पण बघायला काय जातं?"

मी जिना उतरताना तुझा विचार करत होतो. तू त्या दिवशी आईचा फोन हातात घेऊन उभी होतीस तो चेहरा. सगळा पुसलेला फोन, दुकानातून आणल्यासारखा. आई त्यावर बोलून ठेवायची ते सगळं गेलेलं. आठवतं ना तिचं ते बोलणं? दूध उतू गेलं तरी फोनला सांगायची. "गेलं बाई, पुन्हा गेलं, माझंच लक्ष नाही." लोक रोजनिशी लिहितात, ती बोलायची. तू म्हणालीस, "घुम्या, तू आईला दुसऱ्यांदा मारलंस." मी काही बोललो नाही.

शाळेत आपली पाटी एकच होती. तुझं लिहून झालं की मला मिळायची. गुरुजींचा नियम होता, पाटी दुसऱ्याला देताना ओल्या फडक्यानं पुसून द्यायची. तू कधीच पुसायची नाहीस. म्हणायचीस, माझं अक्षर बघून गिरव. मी तुझ्या अक्षरांच्या मधून, कडेकडेनं लिहायचो. म्हणून माझं अक्षर अजून बारीक आहे.

पाटी पुसावी की राहू द्यावी, याचं खरं उत्तर काय असेल? काकूंकडे बघितलं की वाटतं राहू द्यावी. बँकवाल्या काकांना जिन्यात बघितलं की वाटतं पुसावी. याहून जास्त त्या दिवसाबद्दल मी लिहू शकत नाही.

आणखी एक. परवा माझा फोन गेला. तिसऱ्या मजल्यावर दार तपासत होतो. दार आणि डबा यांच्यामध्ये बोटभर फट असते. वरच्या खिशातून सटकला तो बरोबर त्या फटीतून थेट खाली. एवढ्या मोठ्या इमारतीत त्याला तेवढीच जागा सापडली! खाली जाऊन गोळा केला. गोळाच करावा लागला. मी लोकांना ओरडतो, फटीपाशी किल्ल्या सांभाळा म्हणून. तुझी भावजय हसून हसून बसली.

घुम्या


२ सप्टेंबर

ताई,

नवा फोन घेतला. दुकानदारानं विचारलं, "जुन्या खात्याचा पासवर्ड?"

मी म्हटलं, "तो तुम्हीच केला होता."

"मी? मग राहू द्या, नवं खातं काढून देतो. दोन मिनिटांचं काम. सगळे असंच करतात."

"आणि जुन्यातलं?"

"तिथेच राहील सुरक्षित. कुठे जातंय!"

नंबरही नवाच दिला. म्हणाला, जुना परत मिळवायला रांगेत उभं राहावं लागेल. रांगेचा मला कंटाळा, तुला माहीत आहे. पत्राच्या खाली नवा नंबर लिहितो. फोन कर असं म्हणत नाही, नुसता असू दे तुझ्याकडे.

हिशेब केला तर हे माझं चौथं खातं. दर फोनबरोबर एक. माणूस मी एकच, पण मागे तीन ठिकाणी माझे कपडे वाळत पडलेत. देवाला माझा पत्ता शोधायला त्रास होत असेल.

नव्या खात्यात ते पान शोधलं नाही अजून. शोधीन सवडीनं. आता मी एक नियम केलाय, कामावर फोन खिशात ठेवायचा नाही. वर मोटरच्या खोलीत बॅगेत बंद. सुटतानाच काढायचा. तुझ्या भावजयीनं बोलून पाहिलं, पण मला हे फार आवडलंय. दिवसभर कोणी हाक मारत नाही. देवाचं नाव घेत घेत काम होतं.

टपालपेटी रिकामी. मला वाटतं तू पत्रं उघडतही नसशील. असू दे. वाचली नाहीत तरी पोचली, एवढं मला पुरतं. हे वाक्य मी तीनदा वाचलं. खरं नाही ते.

घुम्या


२९ ऑक्टोबर

ताई,

तू परत गेलीस त्याला आठवडा होतोय आणि मी पुन्हा पत्र लिहायला बसलो. तू म्हणशील, समोर होते तेव्हा तोंडाला कुलूप होतं. होतं. पण त्या दिवसाची तुझी बाजू तुला ठाऊक आहे, माझी नाही. माझी बाजू खालून आहे.

मी खड्ड्यात होतो. सगळ्यात खालच्या मजल्याच्याही खाली माणूसभर खोल जागा असते, तिथे तेल आणि कचरा साचतो, तो काढत होतो. दार उघडं, आडवी पट्टी लावलेली. वर पहारेकऱ्याचा आवाज आला, "कोण हवंय? लिफ्टवाले? ते खड्ड्यात आहेत."

मग काहीतरी धपकन पडल्याचा आवाज. तो तुझी पिशवी पडल्याचा होता, आणि घराला कुलूप दिसलं म्हणून तू पत्रातली ही इमारत शोधत आलीस, हे नंतर कळलं. मी वर बघितलं तर काठावर दोन पावलं. डावं पाऊल जरा बाहेर वळलेलं. ताई, जगात असं पाऊल एकच आहे. शाळेच्या वाटेवर मी त्या पावलाच्या मागे चार वर्षं चाललोय. चेहरा दिसण्याआधी मला सगळं कळलं, आणि काहीच कळलं नाही.

"घुम्या?"

एवढ्या वर्षांनी पहिला शब्द. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "कोण?"

"वर ये."

मी शिडीनं वर आलो. तू मला डोक्यापासून पायापर्यंत असं बघितलंस, जसं आई बाजारातून आणलेलं भांडं उलटं करून बघायची.

"मेलास ना तू?"

"नाही गं."

"नक्की?"

"आत्तापर्यंत तरी."

"मग हे काय आहे?" म्हणून तू फोन माझ्या नाकासमोर धरलास. त्यात माझीच चार ओळींची चिठ्ठी. जुन्या खात्यात माझ्याकडून तीन महिने हालचाल नव्हती. त्यानं आधी मला सूचना पाठवल्या होत्या म्हणे, एक नाही, चार चार. सगळ्या त्या जुन्याच खात्यात आणि त्या जुन्याच नंबरवर! मी नाहीच म्हटल्यावर त्यानं दिलेला शब्द पाळला. यंत्राचा दोष नाही. मी जिथे राहत नव्हतो तिथेच त्यानं माझं दार ठोठावलं.

"सकाळपासून फोन करतेय. का उचलत नाहीस?"

"बॅगेत आहे. वर."

"का?"

"खाली पडू नये म्हणून."

मग तू जे केलंस ते तुला आठवतंय का, मला माहीत नाही. माझ्या गालावरचं ग्रीस तू हातानं पुसलंस, मग हाताकडे बघितलंस, आणि तो माझ्याच बाहीला पुसलास. म्हणालीस, "मेलेल्या माणसाला एवढं ग्रीस लागत नाही." तेवढ्यात वरून काकूंनी विचारलं, "कोण आलंय हो?" आणि तू मान वर करून मोठ्यानं सांगितलंस, "मी यांची बहीण. मयताला आले होते. रद्द झालं."

काकू अजून ते सगळ्यांना सांगतात.

संध्याकाळी बॅगेतला फोन काढला तर अनोळखी नंबरावरून सतरा हाका. तुझ्या भावजयीनं मोजल्या. मी नाही.

घरी दोन दिवस राहिलीस. जेवलीस, झोपलीस, भावजयीबरोबर माझी भरपूर टिंगल केलीस. चिठ्ठीत लिहिलं होतं त्याबद्दल तूही बोलली नाहीस, मीही नाही. आता ते तू वाचलंच आहेस, म्हणून उरलेलं लिहितो.

आई आजारी होती तेव्हा तिनं एका दुपारी मला जवळ बसवलं. म्हणाली, "माझ्यामागे या फोनमधलं सगळं पुसून टाक. लगेच. ती यायच्या आत." मी म्हटलं, ताईला विचारू दे. म्हणाली, "तिला नको विचारू. तुझ्या बाबांचा चष्मा तिनं वर्षभर उशाशी ठेवला होता. कामधाम सोडलं होतं. चष्म्यानं एवढं, तर माझ्या आवाजानं काय होईल तिचं?" मी म्हटलं, मग तिला हे सांगतो तरी, की तूच सांगितलंस. म्हणाली, "ते तर मुळीच सांगू नको. माझ्यावर रागावली तर भांडायला मी नसेन. तुझ्यावर रागावली तर तू आहेस." आणि माझ्याकडून वदवून घेतलं, 'मी असेपर्यंत ताईला सांगणार नाही.'

मी असेपर्यंत. हे शब्द तिचेच. मी ते शब्दशः पाळले. तू 'दुसऱ्यांदा मारलंस' म्हणालीस तेव्हाही. ते काही मोठेपण नव्हे, मला दुसरं काही करताच आलं नसतं. ती चौकट दिसली तेव्हा वाटलं, ही बरोबर मापाची जागा आहे. इथे लिहिलं तर शब्दही राहील आणि तुला कळेलही.

आता माझी अडचण ऐक. मी तर आहे. आणि तुला कळलं. मी सांगितलं नाही, पण लिहिलं मीच होतं. माझा शब्द मोडला का? रोज सकाळी हात जोडले की हाच प्रश्न पुढे येतो. आईला काय तोंड दाखवू? मला कोणी शास्त्र जाणणारा माहीत नाही ज्यानं अशा खात्यांचा विचार केलाय. तू मला लहानपणी सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायचीस, चुकीची असली तरी ठामपणे. हेही सांग.

आणि जुना प्रश्नही आहेच. माझ्यानंतर सामान घेशील का? हो की नाही?

घुम्या


१६ नोव्हेंबर

ताई,

टपालपेटीत तुझं पत्र होतं. मी ते उभ्यानं वाचलं, मग पायरीवर बसून वाचलं, मग भावजयीला वाचून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं, ती दोन ठिकाणं इथे उतरवतो, म्हणजे पुढे कधी तू 'मी असं म्हणालेच नाही' म्हणालीस तर पुरावा राहील.

पहिलं ठिकाण: "तुझी चारही पत्रं मी उघडली नव्हती. फेकलीही नव्हती. तो मेल आला तेव्हा पिशवीत टाकली आणि बसमध्ये वाचली. मग त्या खात्यातलं तुझं सामान उघडलं. मला वाटलं फोटो असतील. सगळे लिफ्टचे आवाज. खडखड, घरघर, आणि मध्ये तू. 'काय झालं बाई तुला? कालपर्यंत बरी होतीस. बघू, दाखव कुठे दुखतंय. माझंच लक्ष नाही.' घुम्या, मी बसमध्ये रडायला लागले. शेजारची बाई विचारायला लागली, कोण गेलं? काय सांगणार? तू मशीनशी अगदी आईसारखा बोलतोस. तोच सूर, तीच थांबायची जागा. सगळं पुसून घेतलं म्हातारीनं, आणि तुला विसरली."

भावजय म्हणाली, "मी तुम्हाला किती वर्षं सांगतेय, तुम्ही लिफ्टांशी सासूबाईंसारखे बोलता." तिनं हे मला कधीही सांगितलेलं नाही.

आज मुद्दाम एक टिपलेला आवाज ऐकला. मला ऐकू आली ती फक्त लिफ्ट. एका बेअरिंगचा सूर जरा वर गेलाय. माझ्यातली आई मला ऐकू येत नाही, ती तुलाच येणार. पाटीची गोष्टही तशीच असेल. तू न पुसलेल्या अक्षरांच्या कडेनं मी लिहिलं, म्हणून माझं अक्षर असं झालं. ते तुझंच आहे हे मला कुठे दिसतं?

दुसरं ठिकाण, माझ्या प्रश्नाचं उत्तर: "शब्द मोडला नाही. तो मेल आला तेव्हापासून तुला खड्ड्यातून वर येताना बघेपर्यंत तू मेलेला होतास. माझ्या हिशेबानं पूर्ण मेलेला. त्या वेळात कळलं ते मेलेल्या माणसानं सांगितलं. आईनं विचारलं तर माझं नाव सांग. पण एक लक्षात ठेव. आता मी आईवर रागावलेय. खूप. मला न विचारता माझं भलं ठरवणारी ती कोण? आणि ती म्हणाली तसंच झालंय, भांडायला ती नाही. म्हणून तिच्या वाट्याचं भांडण तुझ्याशी. दर रविवारी अकरा वाजता फोन करीन. फोन बॅगेत असला तर मी पुन्हा मयताला येईन, आणि या वेळी रद्द होणार नाही."

आणि शेवटी, कार्डावर लिहायचं ते पत्राच्या तळाशी: "सामानाचं: हो. पण आधी तुझं खरं खातं कोणतं ते ठरव."

ठरवलं. चारांतलं हे शेवटचं. काल ते पान पुन्हा शोधलं, चार दारांपलीकडचं. तुझं नाव घातलं. जुन्यातलं सामान इकडे आणायला दुकानदाराला बसवलंय, दोन मिनिटांचं काम दोन दिवस चाललंय. काकू बघायला आल्या होत्या. त्यांनीही त्यांचा फोन पुढे केला, म्हणाल्या, मलाही करून द्या, भाचीचं नाव घाला. आमच्या घरात एका माणसानं कुलूप लावून जाणं पुरे. चेअरमनचा ग्रुप मात्र आहे तसाच आहे. त्यांची लिफ्ट उद्याच बंद राहणार आहे, कायम उद्या.

मग त्या रिकाम्या चौकटीशी आलो. तुझ्यासाठी चिठ्ठी लिहा, म्हणते. बराच वेळ बसलो. लपवलेलं काही उरलंच नाही, तर माणूस काय लिहितो? मागच्या चार ओळींतल्या साडेतीन आता नकोत. शेवटची अर्धी ठेवली, कारण ती तू त्या दिवशी मानली नव्हतीस. सकाळपासून उपाशी आली होतीस, भावजयीनं मला नंतर सांगितलं.

तेव्हा तीन महिने हालचाल नसल्यास तुला एवढंच मिळेल: "ताई, जेवून घे."

बाकीचं रविवारी. फोन खिशात असेल, आणि मी खड्ड्यात नसेन.

तुझा
घुम्या